सिंक बटण आणि मामांची हलगी: एफएलएक्स४ दहा महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधी घेतलेल्या डीडीजे-एफएलएक्स४ला, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हातानं वाजवायच्या डीजे कंट्रोलरला, आता दहा महिने झाले. लग्नसराईचा अख्खा हंगाम, दोन बारशी, एक शाळेचं गॅदरिंग आणि गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या चार संध्याकाळी, एवढं त्यावर वाजवून झालंय. घेताना मराठीत वाचायला काही मिळालं नव्हतं. जे व्हिडिओ पाहिले ते सगळे हाउस आणि टेक्नो, म्हणजे परदेशी क्लबातलं नाचाचं संगीत, वाजवणाऱ्यांचे. आपल्याकडं हळदीला हलगी लागते, वरातीत बेंजो लागतो, आणि मधेच कुणीतरी काका येऊन जुनं गाणं मागतात. या सगळ्याला हे यंत्र कसं पुरं पडतं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो आणि संध्याकाळी वाजवतो. माझ्याकडं डॉल्बी नाही आणि मला ती घ्यायचीही नाही. दोन टॉप, दोन बेस असे चार स्पीकर, शंभर-दीडशे माणसांचं कार्यालय आणि दहाच्या आत बंद. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नको हा नियम २०००पासून आहे, आणि मला तो पटतो. भिंती हादरल्या म्हणजे माणसं नाचतात असं नाही. ठोका नीट पडला की नाचतात. पुढचं सगळं त्या ठोक्याबद्दलच आहे.

यंत्राची ओळख थोडक्यात. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ आला तो २०१८च्या डीडीजे-४००च्या जागी. दोन चॅनेल (एका वेळी दोन गाणी), प्रत्येक बाजूला आठ पॅड (दाबायची बटणं), वजन दोन किलोच्या आसपास. वीज यूएसबीतूनच घेतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. लॅपटॉपला जोडला की रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरचा वाजवायचा भाग फुकट उघडतो, सेराटो डीजे लाइट हे दुसरं सॉफ्टवेअरही चालतं. मला साधारण तीस हजार पडले. जॉगला (फिरवायच्या चकतीला) हात लावला की गाणं बोटाखाली आल्यासारखं वाटतं, आणि फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) अजून पहिल्या दिवसाइतकेच मऊ आहेत. माइकचं तोंड आहे. नवरा-नवरीची नावं पुकारायला ते पुरतं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आठवड्यात मी सिंक बटणावर खूष होतो. दोन गाणी लावा, बटण दाबा, वेग जुळला. हाउसला हाउस जोडताना ते चुकतच नाही, कारण ते संगीतच यंत्रावर जन्माला आलंय. शिकागो आणि डेट्रॉइटच्या पोरांनी रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीआर-९०९ या ड्रम मशिनांवर गाणी रचली. पहिलं मशीन १९८०चं, दुसरं १९८३चं. मशीनला मिनिटाला १२४ ठोके सांगितले की सहा मिनिटं १२४च चालतं. सॉफ्टवेअर गाण्यावर ज्या ठोक्यांच्या रेघा मारतं, ती ग्रिड, ती अशाच संगीतासाठी आखलेली आहे. पहिला ठोका सापडला आणि वेग कळला की बाकीच्या रेघा नुसत्या गुणाकारानं पडतात.

आपली गाणी माणसांनी वाजवलेली आहेत. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीवाला अंतऱ्याला किंचित पुढं जातो, ध्रुवपदाला मागं येतो. हिशेब करून पाहा. सॉफ्टवेअरनं १२० धरला आणि वादक १२०.५वर असला, तर एका मिनिटात अर्धा ठोका फरक पडतो. अर्धा ठोका म्हणजे एका गाण्याचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत. पहिल्याच हळदीत माझं तेच झालं. बटण दाबलं, पडद्यावर रेघा एकावर एक बसलेल्या दिसत होत्या आणि कानाला नुसता गोंधळ. नाचणारी पोरं थांबून माझ्याकडं बघायला लागली. त्या रात्री घरी येऊन मी सिंक बंद केलं आणि एकेक गाणं हातानं दुरुस्त करायला बसलो.

रेकॉर्डबॉक्समध्ये गाणं तपासायच्या दोन पद्धती आहेत, साधी आणि डायनॅमिक. जुन्या गाण्यांना डायनॅमिक लावा. ती वेगाचा चढउतार धरून रेघा मारते, आणि निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं हातानं. जिथं रेघ सरकली तिथं थांबायचं, त्या जागेपासून पुढची ग्रिड ढकलायची आणि परत ऐकायचं. पुढच्या वेळी तेच गाणं लावलं की ते शहाण्यासारखं वागतं. एका गाण्याला पंधरा-वीस मिनिटं जातात. माझी आत्तापर्यंत २१२ गाणी झालीत.

हलगी मात्र वेगळं प्रकरण. माझे मामा तासगाव तालुक्यात हलगी वाजवतात, त्यांचा चार जणांचा ताफा आहे. मार्चमध्ये त्यांच्या अंगणात मी रेकॉर्डर लावला. मामांनी आधी जाळावर हलगी शेकून घेतली. कातडं ताणलं की आवाज चढतो आणि खणखणीत होतो. एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. सहा मिनिटं सलग वाजवलं. घरी येऊन ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर पडद्यावर वेग आला १४४. मी मांडीवर ताल धरला तर तो ९६ भरला. दोन दिवस कोडं सुटेना.

मग कळलं. हलगीचा हा ताल सहाचा आहे. एका ठोक्यात तीन बारीक भाग. सॉफ्टवेअरला सगळं चाराचं दिसतं, म्हणून त्यानं तेच भाग दोन-दोन करून मोजले. ९६ची दीडपट १४४. हे कळल्यापासून सहाच्या तालाचं कुठलंही गाणं आलं की मी आधी पायानं मोजतो, पडद्यावरच्या आकड्याला दोन-तृतीयांश करून बघतो, आणि जुळलं की खरा आकडा हातानं टाकतो. लावणीच्या चालीची बरीच गाणी अशीच फसवतात.

पण एवढ्यानं भागलं नाही. सुरुवात ९६ला होती, शेवट ११२ला. मला वाटलं वाजवणारे घाईत आले. पुढच्या खेपेला मामांना विचारलं, "मामा, तुम्ही शेवटाला पळताय का?" ते म्हणाले, "आरं, पळत न्हाई. हितं चाल उचलायची असती. सरळ वाजवलं तर पाय कोण उचलंल?" म्हणजे ती चूक नव्हतीच, ते मुद्दामच होतं. मग मी ती चढण सरळ करायचा नाद सोडला आणि दर सोळा ठोक्यांनी ग्रिड नव्यानं बांधली. सहा मिनिटांत ३९ जागा. आता ते रेकॉर्डिंग वाजताना पडद्यावरचा आकडा हळूहळू चढताना दिसतो, अगदी मामांच्या हातासारखा.

मिरजेत तंबोरे करणारे कारागीर जवारी काढताना (तारेचा झंकार जुळवताना) तारेखालच्या घोडीवर थोडंसं घासतात, तार छेडतात, ऐकतात, परत घासतात. लहानपणी वडिलांबरोबर सतारमेकर गल्लीत गेलो होतो तेव्हा मी ते तासभर बघत उभा होतो. ग्रिड बांधताना रोज रात्री मला तेच आठवतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फार आनंद झाला होता.

हलगीच्या शेवटाला ११२वर हाउस जोडायचं असेल तर एक गोष्ट सांगतो, ती मला चुका करून कळली. ११८चं हाउस पाच टक्के खाली आणलं की ठोका जुळतो. पण हाउसचा हायहॅट (बारीक झांजेचा आवाज) चारांत चालतो आणि हलगी तीनांत, त्यामुळं दोन्ही एकदम वर ठेवले की खडखडाट होतो. म्हणून हाउसचा वरचा इक्यू (बारीक आवाज कमीजास्त करायचं बटण) पूर्ण खाली, नुसता बेस ड्रम आत घ्यायचा. आठ-सोळा ठोके तो हलगीखाली चालू द्यायचा. मग हलगी काढायची आणि हायहॅट उघडायचा. पहिल्यांदा हे नीट जमलं ती माझ्या मावसबहिणीची हळद होती. मांडवात कुणीच थांबलं नाही, नाच तसाच पुढं चालू राहिला. मला दुसरं काही नको होतं.

यात जे स्मार्ट फेडर आहे ते फेडर सरकवताना आवाज, बेस आणि वेग स्वतःच सांभाळतं. नव्या माणसाला हाउसमध्ये छान आहे. मी वापरत नाही. आवाज आणि वाद्यं वेगळी काढायची सोयही दोन-चारदा वापरली, पण माझा लॅपटॉप जुना आहे, त्याला ते झेपत नाही.

लॅपटॉपवरून आठवलं. मेमधल्या दुपारी पत्र्याच्या मांडवात तो तापला आणि आवाजात तडतड यायला लागली. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज वाजण्याआधी साठवायचा तुकडा) २५६वरून ५१२ केला तेव्हा थांबली. ५१२ला साधारण १२ मिलिसेकंद उशीर होतो, म्हणजे स्पीकरपासून चार मीटर लांब उभं राहिल्याइतका. हाताला तो जाणवत नाही. खरा उशीर स्पीकर लांब असले की होतो, म्हणून जुळवणी कायम हेडफोनवर करा.

आता हमिंगचं. मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात साउंड चेकला स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज. वायरी बदलल्या, मिक्सर बदलला, काही फरक नाही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज जागच्या जागी बंद. तिथल्या अर्थिंगमध्ये घोळ होता. या कंट्रोलरला मेन आउट (स्पीकरकडं जाणारं तोंड) फक्त साध्या आरसीए वायरीचं आहे, बाहेरची घाण रोखणारं एक्सएलआर नाही, त्यामुळं अशी घाण त्यातून सहज शिरते. त्या रात्री बॅटरीवर वाजवलं आणि सगळा वेळ डोळा टक्केवारीवर. दुसऱ्या दिवशी दोन चॅनेलचा डीआय बॉक्स, म्हणजे कंट्रोलर आणि स्पीकरच्या मधे लावायची डबी, आणला. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडची अर्थिंग वेगळी करतो. तेव्हापासून कुठल्याही कार्यालयात हमिंग नाही.

आणि हळद. हळदीच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा. नवरदेवाचे भाऊ-मित्र ओल्या हळदीच्या हातानं पॅड दाबायला येतात. माझ्या डाव्या क्यू बटणाच्या कडेला पिवळा ठसा आहे, तो अजून गेलेला नाही. अडतीवर आम्हाला माहीत असतं की हळदीचा डाग उन्हात उडतो, पण कंट्रोलर उन्हात ठेवायचा नसतो. म्हणून शिंप्याकडून जाड सुती कापडाचं आच्छादन शिवून घेतलं, पॅड झाकलेले आणि फेडर उघडे. ते आच्छादन मी खुशाल गच्चीवर वाळत घालतो. फेडरच्या फटी दर रविवारी रंगाच्या कोरड्या ब्रशनं साफ करतो.

गाणी पेनड्राइव्हवर फिरतात ती बहुतेक १२८ केबीपीएसची, म्हणजे फार दाबून लहान केलेली. त्यात १६ किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास काही उरत नाही, आणि टॉपवर हलगीचा खणखणाट पत्र्यासारखा लागतो. ३२०ची विकत घ्या.

विश्रामबागला एका मित्राच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आम्ही पाच जण जमतो. दोघं एफएल स्टुडिओ या संगीत रचायच्या सॉफ्टवेअरवर रिमिक्स करतात. मी मामांचं रेकॉर्डिंग त्यांना बांधलेल्या ग्रिडसकट दिलंय, कारण हलगी मिक्स म्हणून जे फिरतं त्यात एकच तुकडा कापून गोल फिरवलेला असतो आणि त्यात चाल उचललेली कधीच नसते.

घ्यायचाच असेल तर डीआय बॉक्स, दोन चांगल्या आरसीए वायरी आणि आच्छादनाचं शिवणकाम हे पैसे पहिल्याच दिवशी कंट्रोलरच्या किमतीत धरा. आणि घेतल्यावर पहिला महिना सुपारी घेऊ नका, घरी बसून ग्रिड बांधा.