कॅल्कमधील मजकूर आयात आणि विभाजक चिन्हे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लिबरऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये मजकूर फाइल उघडताना आयातीची जी खिडकी समोर येते, तिच्याशी गेले आठ महिने माझा जवळजवळ रोज संबंध येतो आहे. वेगवेगळ्या यंत्रणांतून निघालेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळी केलेली माहिती), टीएसव्ही (टॅबने वेगळी केलेली) आणि साध्या टीएक्सटी फाइली एका तक्त्यात आणणे हे माझे काम. एका ओळीतील स्तंभ वेगळे करणारे योग्य विभाजक चिन्ह, म्हणजे डिलिमिटर, निवडले की काम झाले, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. प्रत्यक्षात ते चिन्ह ओळखायला काही सेकंद पुरतात. त्याच्या आजूबाजूच्या पर्यायांनी मात्र माझे बरेच तास खाल्ले.

टॅब, स्वल्पविराम, अर्धविराम आणि स्पेस यांसाठी चौकटी तयार आहेत, आणि उभ्या रेघेसारख्या चिन्हासाठी 'इतर' ही मोकळी जागा आहे. निवड बदलताच खालचे पूर्वदृश्य बदलते, ही या खिडकीची सर्वांत उपयोगी गोष्ट. एकाहून अधिक चिन्हांवर एकदम खूण करता येते, पण ही सोय वाटते तितकी निरुपद्रवी नाही. दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरणाऱ्या देशांतील फाइलींत स्तंभ बहुधा अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. अशा एका फाइलीच्या वेळी आधीची स्वल्पविरामाची खूण तशीच राहिली आणि १२,५० ही एक संख्या १२ आणि ५० अशा दोन स्तंभांत विभागली गेली. चूक माझी होती, कारण खिडकी मागील निवड लक्षात ठेवते आणि मी वर पाहिलेच नाही. खूण काढल्यावर आणखी एक पायरी उरते : आयातीची भाषा जर्मनसारखी, म्हणजे दशांश स्वल्पविरामाने लिहिणारी, निवडावी लागते.

'इतर' या जागेत दोन उभ्या रेघा लिहिल्या, तर कॅल्क त्यांना मिळून एक विभाजक मानत नाही. प्रत्येक अक्षर स्वतंत्र विभाजक ठरते आणि मधे एक रिकामा स्तंभ तयार होतो. त्यावर 'मर्ज डिलिमिटर्स', म्हणजे लागोपाठचे विभाजक एकत्र धरणे, हा उपाय सुचतो, आणि खरा धोका इथेच आहे. स्पेस देऊन रकाने जुळवलेल्या अहवालासाठी हा पर्याय उत्तम आहे, परंतु ज्या फाइलीत काही रकाने खरोखरच रिकामे असतात, तिथे लागोपाठचे विभाजक एकच धरले गेल्याने त्या ओळीतील पुढची सगळी माहिती एक घर डावीकडे सरकते. सुरुवातीच्या ओळी भरलेल्या असल्या तर पूर्वदृश्यात काहीही वावगे दिसत नाही. त्यामुळे हा पर्याय वापरला की शेवटच्या स्तंभात किती घरे भरलेली आहेत, हे मी मोजून पाहतो.

अवतरणचिन्हांच्या बाबतीत माझा अनुभव चांगला आहे. सीएसव्ही फाइलीचे स्वरूप सांगणाऱ्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे स्वल्पविराम किंवा नवी ओळ असलेला मजकूर दुहेरी अवतरणात ठेवलेला असेल आणि आतले अवतरणचिन्ह दोनदा लिहिलेले असेल, तर कॅल्क ते व्यवस्थित वाचते. फाइल बनवणाऱ्याने ही पद्धत पाळली नसेल, तर मात्र कोणतेही चिन्ह निवडून उपयोग नाही. गंमत अशी, की आस्की या संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या संकेतावलीत नेमक्या याच कामासाठी ३० आणि ३१ क्रमांकांची ओळ व घटक वेगळे करणारी चिन्हे राखून ठेवलेली आहेत, पण ती कळफलकावर नसल्याने आणि डोळ्यांना दिसत नसल्याने माझ्याकडे आलेल्या एकाही फाइलीत ती सापडली नाहीत.

विभाजन अचूक झाल्यावरही ००४५२ या क्रमांकाचे ४५२ होते, आणि पंधराहून अधिक अंकी क्रमांकाचे शेवटचे अंक शाबूत राहत नाहीत. पूर्वदृश्यात त्या स्तंभाच्या शीर्षावर क्लिक करून प्रकार 'मजकूर' केला की हे टळते. आयात झाल्यावर प्रकार बदलून गेलेली शून्ये परत येत नाहीत.

एकाच स्रोताच्या फाइलीसाठी ठरवलेले सगळे पर्याय नाव देऊन जतन करण्याची सोय मला या खिडकीत सापडली नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. विभाजक, वर्णसंच (फाइलीतील अक्षरांची संकेतपद्धती), भाषा आणि 'मजकूर' ठेवायचे स्तंभ यांची स्रोतवार नोंद मी एका वेगळ्या फाइलीत ठेवली असून आयातीपूर्वी ती उघडून पाहतो.