जकार्ताहून डोंबिवलीला चिवडा घ्यायला कोण येणार होतं?

आधीच सांगते, मी काही अगदी भोळी बाई नाही. लॉटरी लागली म्हणून फोन आला की ठेवून द्यायचा, लाइटबिल थकलंय म्हणून लिंक आली तर उघडायची नाही, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, हे सगळं सासूबाईंना मीच शिकवते. घरगुती फराळाचं काम वाढलं तेव्हा एफएसएसएआयचं, म्हणजे खायचे पदार्थ विकायला लागणारं सरकारी रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपये भरून मी स्वतः केलं, एजंट १,५०० मागत होता त्याला वाटेला लावला. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेटपण स्वतः काढलं, ते फुकट असतं, त्यालाही लोक पैसे मोजतात. आणि त्याच मी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मार्केटिंगच्या नावाखाली २६,४०९ रुपये घालवले. चकलीच्या किलोमागे मला १३० रुपये सुटतात. भागाकार करून बघितला, २०३ किलो चकल्या. एकटीनं सोऱ्या दाबून.

सुरुवात बायकांच्या उद्योगाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून झाली. तिथे एकीनं मेसेज फॉरवर्ड केला, छोट्या घरगुती व्यवसायांसाठी कमी बजेटमध्ये डिजिटल मार्केटिंग, फक्त ४,९९९. आता मला सांगा, माझं वर्षाचं सगळं मार्केटिंगचं बजेट १०,००० होतं, मोठ्या एजन्सीला विचारलं तर महिन्याचेच पंचवीस हजार सांगतात, मग हे वाचून कुणालाही बरंच वाटणार ना? फोन केला तर मुलगा बोलायला इतका गोड, शुद्ध मराठी, प्रत्येक वाक्याला ताई. "ताई, आपल्या मराठी बायकांच्या हाताला चव आहे पण मार्केटिंगला आपण लाजतो." हे ऐकलं आणि मी विरघळले, कारण खरंच लाजतो आपण. सासूबाई म्हणाल्या होत्या पितृपक्षात नवीन काही सुरू करू नको. मी म्हटलं अहो आई, ऑनलाइनला कसला पितृपक्ष. त्या आता काही बोलत नाहीत, फक्त बघतात.

११ सप्टेंबरला ४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,८९९ दिले. पीडीएफ बिल आलं, लोगो, ठाण्याचा पत्ता, जीएसटी नंबर, सगळं चकाचक. पैसे पाठवताना यूपीआयच्या स्क्रीनवर कंपनीचं नाव आलंच नाही, कुणातरी माणसाचं नाव आलं. मला तो क्षण जसाच्या तसा आठवतो. भाजणी नुकतीच भिजवली होती, उजव्या हाताला पीठ, फोन दुधाच्या पिशवीत घालून ओट्यावर ठेवलेला, आणि मी डाव्या हाताच्या करंगळीनं पिन टाकत होते. नाव वाचलं. थांबले. मनात आलं, हे कोण? आणि माझं मीच उत्तर दिलं, अकाउंटंट असेल. म्हणजे त्यानं खोटं सांगायच्या आधीच मी त्याच्या वतीनं खोटं बोलून मोकळी झाले! यूपीआय आपल्याला खात्यावरचं नाव दाखवतो ते शोभेसाठी नाही. कंपनीचं बिल आणि नाव एखाद्या माणसाचं, की पिन टाकायचा नाही. हातातलं पीठ वाळू दे, चकल्या राहू दे.

मग त्यानं इन्स्टाचा पासवर्ड मागितला. नंतर "ताई एक सहा आकडी कोड आला असेल". दिला. हो, मीच, सासूबाईंना शिकवणारी. माझं म्हणणं असं होतं की हा काही बँकेचा ओटीपी नाही. आता कळलं की जाहिरात करायला कुणालाही पासवर्ड लागतच नाही, मेटाच्या, म्हणजे इन्स्टाच्याच कंपनीच्या, बिझनेस अकाउंटमधून समोरच्याला फक्त जाहिरातीपुरती परवानगी देता येते आणि हवी तेव्हा काढूनही घेता येते. माझ्या भाचीनं चार मिनिटांत दाखवलं. चार मिनिटं. पण ती हैदराबादला शिकते आणि तिला त्रास कशाला द्यायचा म्हणून मी विचारलं नव्हतं.

१५ सप्टेंबरला जाहिरातीचं बजेट म्हणून ७,००० गेले. ते पण त्याच माणसाच्या खात्यावर. जाहिरातीचे पैसे आपण आपल्या यूपीआयनं किंवा कार्डानं थेट अ‍ॅपमध्येच भरायचे असतात, पावती आपल्याच मेलवर येते. "बजेट आमच्याकडे द्या, आम्ही लावतो" म्हणणाऱ्याकडून आधी ती पावती मागा.

आणि मग चमत्कार सुरू झाला. माझे ६४० फॉलोअर होते, खरेखुरे, म्हणजे सोसायटीतल्या बायका, शाळेतल्या मैत्रिणी, न्यू जर्सीतली वहिनी आणि तिच्या ओळखीच्या. आठवड्यात झाले ८,९४०! मी नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला, तो ऑफिसमध्ये चार जणांना दाखवून आला. ऑर्डर मात्र एकही नाही. फोटोला लाइक सहा, त्यातले दोन माझ्याच घरातले.

आता ऐका, इथे मला माझाच राग येतो. २१ सप्टेंबरच्या रात्री सगळे झोपल्यावर मी इनसाइट्स उघडलं. प्रोफेशनल अकाउंट असेल तर फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत ते तिथे दिसतं. मला वाटलं डोंबिवली, ठाणे, कल्याण असं काहीतरी दिसेल. पहिलं नाव जकार्ता. मग साओ पावलो. मग लागोस. मला लागोस कुठे आहे तेपण माहीत नव्हतं, शोधलं तर नायजेरिया. अंथरुणात बसून मी पाच मिनिटं त्या यादीकडे बघत होते. दगडी पोह्यांचा चिवडा आणि डिंकाचे लाडू, डिलिव्हरी फक्त डोंबिवली आणि ठाकुर्ली, आणि गिऱ्हाईक जकार्ताचं? सकाळी त्याला विचारलं तर म्हणतो, "ताई ते सर्व्हरचं लोकेशन असतं, मुंबईतलेच लोक आहेत, त्यांचा सर्व्हर तिकडचा असतो." आणि मी गप्प बसले. का? कारण पटलं म्हणून नाही. १२,८९९ रुपये आधीच गेले होते, आणि फसलो असं म्हणायचं तर ते आधी नवऱ्याला म्हणावं लागलं असतं, स्क्रीनशॉट दाखवत फिरलेल्या नवऱ्याला. त्यापेक्षा सर्व्हर बरा.

म्हणून त्याच दिवशी, घटस्थापनेला, मी गुगल लिस्टिंगच्या व्हेरिफिकेशनचे २,३६० पण दिले. गुगलवर दुकानाचं प्रोफाइल टाकणं फुकट आहे, व्हेरिफाय करणंही फुकट आहे, गुगल त्याचे पैसे घेत नाही, हे मला आज पाठ आहे.

२७ तारखेला इन्फ्लुएन्सरची रील. फूड व्हिडिओ करणारी कुणी ताई आहे, दोन लाख फॉलोअर, ३,५०० मध्ये करेल, फक्त फराळाचा बॉक्स पाठवा. बॉक्सची किंमत माझ्या हिशोबानं १,१५०. चकली, कडबोळी, अनारसे, करंज्या, प्रत्येकाला वेगळा बटर पेपर, वर हातानं लिहिलेली चिठ्ठी, "आपुलकीने". करंज्या फुटू नयेत म्हणून कागदाचे बोळे करून कडेनं खोचले होते. रील कधी आलीच नाही. पैशांचं दुःख आहेच पण मेल्यानं माझे अनारसे खाल्ले याचा राग जास्त आहे, त्या पिठाला आठ दिवस जातात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, "आता शेवटचा पुश" म्हणून आणखी ५,०००. तेव्हा मी विचारलं होतं की माझी जाहिरात मला कुठेच का दिसत नाही. तर म्हणे मालकाला दिसत नसते. साफ खोटं. मेटाची अ‍ॅड लायब्ररी म्हणून पान आहे, फुकट, लॉगिनही लागत नाही, त्यात कुठल्याही पेजची चालू असलेली जाहिरात दिसते. समोरचा "चालू आहे" म्हणत असेल त्याच वेळी उघडून बघा, बंद झाल्यावर सापडणार नाही.

१० ऑक्टोबरला माझं अकाउंटच गेलं. नाव बदललेलं, फोटो उडवलेले, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकायला होती. वसूबारसेला आठवडा राहिला होता आणि मी सगळ्यांना त्याच पेजचा क्यूआर छापून वाटला होता! अकाउंट परत मिळवायला व्हिडिओ सेल्फी द्यायचा एक मार्ग असतो, पण त्यासाठी अकाउंटवर आपल्या चेहऱ्याचे फोटो पाहिजेत. माझ्या पेजवर सगळे फोटो चकल्यांचे. त्यामुळे धंद्याच्या पेजवर एखादा तरी स्वतःचा फोटो टाकून ठेवा, आणि टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिनला पासवर्डशिवाय लागणारा कोड, आपल्याच नंबरवर.

जीएसटी नंबर माझ्या दिरानं बघितला, तो अकाउंट्समध्ये आहे. दहा सेकंदांत म्हणाला, "वहिनी, पत्ता ठाण्याचा आणि नंबर ०७ नं सुरू होतोय, ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७." जीएसटीच्या साइटवर टाकला तर नंबर कुणातरी टाइल्सवाल्याचा, तोही रद्द झालेला. बिल आल्याच्या दिवशी मी ते दिराला का नाही पाठवलं, असं मला आत्तापर्यंत सहा जणांनी विचारलंय. सातव्यानं विचारू नये.

आता तक्रारीचं. बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय ना मग? जणू मी पिन टाकला नाही असं म्हणत होते. पोलीस स्टेशनला पहिल्यांदा गेले तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा गेले तर हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे म्हणजे ट्रेन, मग रिक्षा, मग दोन तास बाकावर. तिथे विचारलं रक्कम किती. सांगितली. तर म्हणे एवढ्या रकमेचं तुमच्या हद्दीतच होतं, इथे चाळीस चाळीस लाखवाले बसलेत. खरंच बसले होते, शेजारी एक रिटायर्ड काका होते, त्यांच्याकडे बघून मला माझी रक्कम सांगायचीच लाज वाटली. पण लाज मला का वाटावी? पंचवीस हजार कमी म्हणून गुन्हा छोटा होतो का, माझ्या घराची ती सहामाहीची शाळेची फी आहे! परत आपल्या हद्दीत. तिसऱ्या वेळी अर्ज लिहून घेतला. चौदा पानं प्रिंटआउट, दोन झेरॉक्स सेट. हे चारशेवीसचं आहे ना, असं मी विचारलं, तर हवालदार म्हणाले ते गेलं, आता नवीन कायद्यात ३१८. कलम बदललं तेवढं बरोबर सांगितलं, एफआयआर काही झाली नाही. अर्जावर शिक्का मारून देताना त्यांनी विचारलं, "मॅडम, चकली काय किलो देता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "५६०." रस्त्यावर आल्यावर मला रडू आलं का हसू ते आठवत नाही. ऑर्डर दिली नाही त्यांनी.

ठाण्याच्या त्या पत्त्यावर नोटीस म्हणून स्पीड पोस्ट केलं, आठ दिवसांनी परत आलं, असा पत्ता नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लगेच करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत, तासाभरात केला तर खात्यात अडवता येतात. मी केला १३ ऑक्टोबरला. शेवटचे ५,००० जाऊन दहा दिवस झालेले, खात्यात काही उरलेलं नव्हतं. ही चूक माझी आहे, कुणाची नाही.

आणि आकड्यांची बेरीज करणाऱ्यांसाठी: २३,७५९ रोख, १,१५० चा फराळ. उरलेले १,५०० मी १२ ऑक्टोबरला दिले, म्हणजे फसले हे कळल्याच्या नंतर. त्यानं मेसेज केला होता की अकाउंट पाहिजे तर ५,०००. मी घासाघीस केली! भाजीवाल्याशी करतात तशी. अर्धे आधी, अर्धे नंतर, असं करत १,५०० वर आणला आणि दिले, कारण दिवाळीला नऊ दिवस होते आणि क्यूआर वाटून झाले होते. हे पैसे पोलिसांच्या अर्जात नाहीत. नवऱ्यालाही माहीत नाहीत, तो हे वाचेल तेव्हा वाचेल.

दिवाळी मात्र झाली. ४२ किलो गेलं, सगळं सोसायटीच्या ग्रुपवरून, लिफ्टजवळ लावलेल्या कागदावरून आणि ज्यांना मागच्या वर्षी नमुन्याची पुडी दिली होती त्यांच्याकडून. फाटलेल्या क्यूआरच्या जागी माझा नंबर स्केचपेननं लिहिला. खर्च ३० रुपये.

गेल्या महिन्यात त्याच ग्रुपवर एका पापड-कुरडयावाल्या बाईनं टाकलं, माझे एका आठवड्यात ९,००० फॉलोअर झाले, पेढे घ्या सगळ्यांनी. मी तिला लगेच वेगळा मेसेज केला, ताई, इनसाइट्समध्ये जाऊन शहरं बघा, बाकी मी काही सांगत नाही. दोन निळ्या टिका आल्या. मग उत्तर आलं, "तुम्ही पण फराळाचंच करता ना? समजलं." आणि मला ब्लॉक केलं. परवा भाचीच्या फोनवरून बघितलं, ११,२०० झालेत.