मोतीबिंदूचं ऑपरेशन: फेको की एसआयसीएस, आणि भिंग कोणतं?

दवाखान्यात हातात पडणाऱ्या पॅकेजच्या कागदावर दोन वेगळे निर्णय एकाच रकमेत मिसळलेले असतात: मोतीबिंदू कोणत्या पद्धतीनं काढायचा आणि त्याच्या जागी कोणतं भिंग बसवायचं. ते सुटे करून विचारा.

फेको (फेकोइमल्सिफिकेशन) या पद्धतीत बुबुळाच्या कडेला २ ते ३ मिलिमीटरचा छेद घेतात, ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचे तुकडे करून ओढून घेतात आणि घडीचं भिंग आत उलगडतात. एसआयसीएसमध्ये (स्मॉल इन्सिजन कॅटरॅक्ट सर्जरी) डोळ्याच्या पांढऱ्या भागात ६ ते ७ मिलिमीटरचा बोगदा करून मोतीबिंदूचा गर अख्खा बाहेर काढतात. टाके बहुधा दोन्हींत लागत नाहीत. फेकोला अनेकदा थेंबांची भूल पुरते आणि काही तासांत घरी जाता येतं. एसआयसीएसला सहसा डोळ्याशेजारी इंजेक्शन देतात आणि पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघते. छेद मोठा असल्यानं तिरपा नंबर (सिलिंडर) थोडा जास्त येऊ शकतो.

म्हणून एसआयसीएस कमी दर्जाची ठरत नाही. पिकून तपकिरी, कडक झालेला मोतीबिंदू फेकोनं फोडायला जास्त ऊर्जा लागते. तिचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींना बसतो आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्यात सरावलेल्या हातांची एसआयसीएस अधिक सुरक्षित असते. मोतीबिंदू मऊ असेल तर मात्र फेको घ्या. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या काळचा आहे. थांबाल तितका गर कडक होतो. आणि फेको म्हणजे लेझर नव्हे. लेझर मशीन छेद घेतं, नैसर्गिक भिंगाभोवतीची पिशवी उघडतं, गर चिरतं. पुढचं काम फेकोच करतं. साध्या मोतीबिंदूत लेझरनं शेवटची नजर अधिक चांगली झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

खरा विचार करायचा तो भिंगाचा. मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवतं. बहुतेकांना लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मात्र आयुष्यभर उणे नंबर असलेले लोक चष्मा काढून वाचत असतात. भिंग लांबचं बसलं की ती सोय जाते आणि त्यांना ते फार जाणवतं. शिवणकाम, दागिने, वाचन हेच दिवसभराचं काम असेल तर भिंग जवळचं बसवता येतं. हे भिंगाच्या नंबरच्या मोजणीआधी डॉक्टरांना सांगा.

मल्टिफोकल, म्हणजे अनेक अंतरांच्या भिंगानं बहुतेक कामं बिनचष्म्याची होतात. पण प्रकाश विभागला जात असल्यानं रात्री हेडलाइटभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात अक्षर फिकं वाटतं. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी, तसंच काचबिंदू किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असलेल्यांनी ते टाळलेलं बरं. ईडीओएफ (स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणारं भिंग) या दोन्हींच्या मधलं आहे: लांबचं आणि कॉम्प्युटरच्या अंतराचं ठीक, बारीक अक्षराला चष्मा. तिरपा नंबर एक-दीडच्या पुढे असेल तर मल्टिफोकलआधी टोरिकचा, म्हणजे तिरपा नंबर घालवणाऱ्या भिंगाचा विचार करा. ते १० अंशांनी फिरलं तरी सुमारे एकतृतीयांश परिणाम वाया जातो, म्हणून मोजणी काटेकोर हवी.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ही गोळी घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल तर ऑपरेशनआधी जरूर सांगा. तिच्यामुळे बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनमध्ये ढिला पडतो. सर्जनला आधी ठाऊक असेल तर तयारी करता येते.

नंतर काही दिवस खुपणं, पाणी येणं, रंग निळसर वाटणं यांत वावगं काही नाही. कडक मोतीबिंदू होता, तर सूज उतरून नजर स्वच्छ व्हायला एक-दोन आठवडेही लागतात. स्टेरॉइडचे थेंब ४ ते ६ आठवडे, दर आठवड्याला कमी करत संपवायचे. दिसायला लागलं म्हणून मध्येच बंद केले की डोळा पुन्हा लाल होतो. दोन वेगवेगळ्या थेंबांत ५ मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. साधारण दोन आठवडे डोळ्यात नळाचं पाणी, चुलीचा धूर, शेतातली धूळ जाऊ देऊ नका आणि झोपताना कवच लावा. चष्म्याचा नंबर फेकोनंतर महिन्यानं, एसआयसीएसनंतर सुमारे सहा आठवड्यांनी काढा. घाईत केलेला चष्मा बदलावा लागतो.

दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर उद्याची वाट पाहू नका. आत जंतुसंसर्ग असेल तर काही तासांच्या उशिरानंही डोळा जाऊ शकतो. डोळ्यासमोर चमका किंवा बाजूनं काळा पडदा आला तरी त्याच दिवशी दाखवा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगामागची पिशवी गढूळ होते. याग लेझरनं तिला काही मिनिटांत खिडकी पाडतात आणि सहसा ते एकदाच करावं लागतं.