पुट ऑफ, पोस्टपोन की कॉल ऑफ?

ठरलेली बैठक आज होणार नाही, एवढेच इंग्रजीत कळवायचे असते. पण ‘पुट ऑफ’, ‘पोस्टपोन’ आणि ‘कॉल ऑफ’ यांतले नेमके काय लिहावे, येथे हात अडखळतो. यांतून ‘कॉल ऑफ’ आधी बाजूला काढावे, कारण तेथे झालेली चूक सर्वांत महागात पडते. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. मराठीत या दोहोंची गल्लत कोणी करत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींच्या शेवटी तेच ‘ऑफ’ असल्याने घाईत एकाच्या जागी दुसरे पडते आणि ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’ असे वाचणारा पुढच्या तारखेची वाटच पाहत नाही. ‘कॉल ऑफ’ लागते ते ठरलेल्या किंवा सुरू असलेल्या गोष्टीला: लग्न, सामना, शोधमोहीम, संप. (संप आपण रद्द करत नाही, मागे घेतो, तो अर्थही यातच आला.) तिकीट किंवा ऑर्डर यांना मात्र ‘कॅन्सल’च हवे.

उरलेल्या दोहोंचा मूळ अर्थ एकच आहे. ‘पोस्टपोन’ची लॅटिन फोडसुद्धा ‘नंतर ठेवणे’ अशीच होते. फरक आहे तो सुराचा. ‘पोस्टपोन’ हा सूचनाफलकावरचा, कोरडा आणि म्हणूनच सुरक्षित शब्द आहे, तर ‘पुट ऑफ’ बोलण्यातले असून त्याला अनेकदा चालढकलीचा वास येतो. ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’ या वाक्यात नवी तारीख कोठेच नाही, नुसती टाळाटाळ आहे. त्यामुळे कार्यालयीन पत्रात मी ‘पोस्टपोन’च निवडेन, मित्राला लिहिताना ते उगाच ताठर वाटते.

‘पुट ऑफ’ निवडलेच, तर त्याची रचना सांभाळावी लागते. पुढे क्रियापद आले की ते ‘गोइंग’सारखे ‘इंग’ लावून येते. ‘पुट ऑफ टू गो’ ही रचना चूक आहे. सर्वनाम मध्ये बसते, म्हणून ‘पुट इट ऑफ’ म्हणावे, ‘पुट ऑफ इट’ नव्हे. हा सर्वनामाचा नियम ‘कॉल ऑफ’लाही लागू आहे. किती दिवसांनी ढकलले हे ‘बाय अ वीक’ने आणि कोणत्या दिवसापर्यंत हे ‘टिल मंडे’ने सांगतात.

कर्माच्या जागी माणूस आला की मात्र अधिक जपावे. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासाने माझे मन उडाले. येथे पुढे काहीच ढकललेले नाही. ‘आय पुट हिम ऑफ’ याचे तर दोन अर्थ निघतात: मी त्याला नंतरची वेळ दिली किंवा माझ्यामुळे त्याचे मन विटले. अशा ठिकाणी ‘आय पोस्टपोन्ड अवर मीटिंग’ असे सरळ लिहिलेले बरे.