स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी: 14 महिन्यांच्या वापरानंतर

रेप्रेप्रो हे साधन वापरून डेबियन 12 या लिनक्स प्रणालीवर उभारलेली आमची खासगी रिपॉझिटरी (ॲप्ट या पॅकेज व्यवस्थापकासाठीचे सॉफ्टवेअर पॅकेजांचे भांडार) गेले 14 महिने 27 यंत्रांना पॅकेजे पुरवत आहे. वर्षभरातच लिहायला बसलो असतो, तर केवळ कौतुक लिहिले असते; कारण 'डिस्ट्स' आणि 'पूल' या दोन डिरेक्टऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधून साध्या फाइली म्हणून दिल्या की काम भागते, आणि दरमहा पैसे मोजून होस्टिंग सेवा घ्यावी लागत नाही. टाळता येणारा खर्च टाळलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

गाडे अडले ते सहीच्या किल्लीपाशी. रिपॉझिटरीतील सूच्यांची खातरजमा करून देणाऱ्या 'इनरिलीज' फाइलवर डिजिटल सही करणाऱ्या जीपीजी किल्लीला मी एक वर्षाची मुदत दिली होती. ती संपण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हरवर मुदत वाढवली, नवे पॅकेज घातले, सही व्यवस्थित झाली आणि मी निर्धास्त झालो. मुदत वाढवल्याने किल्ली बदलत नाही. परंतु वाढीव मुदतीची नोंद सार्वजनिक किल्लीत होते, आणि यंत्रांवर ॲप्टच्या 'साइन्ड-बाय' या सेटिंगने दाखवलेली तिची प्रत जुनीच राहिली होती.

मुदत उलटताच यंत्रांनी सही नाकारली, ते योग्यच झाले. माझी तक्रार त्यापुढची आहे. अशा वेळी पॅकेजांच्या सूच्या ताज्या करणारी 'ॲप्ट-गेट अपडेट' ही आज्ञा केवळ इशारा छापते, जुन्याच सूच्या वापरते आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'काम यशस्वी', देते. आमची रात्रीची स्क्रिप्ट तेवढाच कोड तपासत असल्यामुळे नऊ दिवस सारे सुरळीत दिसत होते, आणि त्या काळात आम्ही प्रसिद्ध केलेली सुरक्षा दुरुस्ती एकाही यंत्रापर्यंत पोचली नव्हती. सही पडताळता न येणे हे यश कसे मानता येईल? नव्याने बसवलेल्या यंत्राकडे आधार घ्यायला जुनी सूचीच नव्हती, म्हणून तिथे 'एक्स्पकीसिग' (सहीच्या किल्लीची मुदत संपली) ही त्रुटी स्पष्ट दिसली आणि उलगडा झाला.

रागाच्या भरात मी ॲप्टली या रिपॉझिटरी उभारण्याच्या दुसऱ्या साधनाकडे वळण्याचे ठरवले होते. ते मत आता बदलले आहे. ॲप्टलीचे स्नॅपशॉट (रिपॉझिटरीच्या जतन केलेल्या स्थिती) सोयीचे आहेत, विशेषतः मागील आवृत्तीवर परतायचे असेल तेव्हा, कारण आमच्या रेप्रेप्रोत एका वितरणात पॅकेजची एकच आवृत्ती राहते. पण किल्लीची अडचण तिथेही हीच आली असती.

किल्लीची वाढीव मुदतीची प्रत रिपॉझिटरीतूनच पाठवणे शक्य नव्हते, कारण यंत्रे त्या रिपॉझिटरीलाच नाकारत होती; प्रत्येक यंत्रावर एसएसएचने (दूरस्थ लॉगिनने) जाऊन ती ठेवावी लागली. डेबियन स्वतःच्या किल्ल्या 'डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग' या पॅकेजातून देते. तसेच कीरिंग पॅकेज आम्हीही आता केले असून, मुदतीच्या तीन महिने आधी ते सर्वत्र पोचवण्याचे ठरवले आहे. शिवाय स्क्रिप्टमध्ये अपडेटमधील कोणतीही अडचण त्रुटी मानणारा 'एरर-ऑन=एनी' हा पर्याय जोडला आहे. गेल्या आठवड्यात चाचणीच्या यंत्रावर मुद्दाम मुदत संपलेली किल्ली ठेवली, तेव्हा एक्झिट कोड 100 आला आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली.