पोस्टग्रेस, तेहतीस महिन्यांनंतर: सिस्टिम अपडेट झाली आणि 'क-१२०४' सापडेना

आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव जानेवारी २०२१पासून पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते. अडतीस हजारांच्या आसपास पुस्तकं, बाराशे सभासद, एकच काउंटर आणि कपाटाशेजारी चार जीबी रॅमचा एक जुना डबा. प्रोग्रॅम मीच लिहिलाय, त्यामुळे शिव्याही मलाच बसतात. पहिल्या महिन्यात कौतुक कुणीही करतं, म्हणून मुद्दाम थांबलो. मध्ये एक चांगला फटकाही खाल्ला.

आधी श्रेय देऊन टाकतो. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलीय, कमिटीकडे विषय 'पुढच्या सभेत' आहे. एवढ्या काळात वीज जाऊन डबा वीस-पंचवीस वेळा तरी धाडकन बंद पडला असेल. एकही नोंद गेली नाही. बदल आधी लॉगमध्ये लिहायचा आणि मग टेबलात, ही पोस्टग्रेसची शिस्त. परत उठला की स्वतःच लॉग वाचून सावरतो. याबाबत माझी तक्रार शून्य.

आता फटका. डब्यावर डेबियन ९ (लिनक्सचा एक प्रकार) होतं आणि त्याची वाढीव मुदत ३० जून २०२२ला संपणार होती. मे महिन्यातल्या एका सोमवारी, वाचनालय बंद असताना, आधी ९चं १० आणि मग १०चं ११ केलं. पोस्टग्रेस मात्र १३च राहिलं, कारण ते मी पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या भांडारातून) घेतलं होतं. डेटाची डिरेक्टरी जशीच्या तशी. तेव्हा मला ही केवढी सोय वाटली होती!

सकाळी पीजीअॅडमिन, म्हणजे पोस्टग्रेस सांभाळायचा प्रोग्रॅम, उघडेना. तो पायथनवर चालतो, आणि मी त्याच्यासाठी वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट केलं होतं. खालचं पायथनच बदलल्यावर त्याला स्वतःचे मॉड्यूल सापडेनात. एन्व्हायर्नमेंट पुसून नवं केलं, अर्ध्या तासात काम झालं. प्रोग्रॅम चालू, टेबलं दिसतायत, बेरजा जुळतायत. अपडेटने जे मोडायचं ते मोडून झालं, असं समजून मी चहा प्यायला गेलो.

तीन आठवड्यांनी काउंटरवरच्या ताईंचा फोन. "दादा, पुस्तक माझ्या हातात आहे हो, पण कॉम्प्युटर म्हणतो असं पुस्तकच नाही."

दाखल क्रमांक होता क-१२०४. क म्हणजे कादंबरी. मी म्हटलं टायपिंग चुकलं असेल. ताई म्हणाल्या, "तसं नाही. दाखल क्रमांकाच्या चौकटीत घातलं की नाही म्हणतो. वरच्या मोठ्या शोधात नुसतं १२०४ टाकलं की दाखवतो." हे वाक्य मी फोनवर ऐकलं आणि सोडून दिलं. खरं निदान तिथेच झालं होतं. मी मात्र दोन दिवस प्रोग्रॅममधले ड्रायव्हर, युनिकोड आणि न दिसणारे स्पेस उकरत बसलो.

दाखल क्रमांकाचा नेमका शोध इंडेक्समधून, म्हणजे क्रमाने लावलेल्या वेगळ्या यादीतून, जातो. मोठा शोध अख्खं टेबल वाचतो. एकाला पुस्तक दिसतं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे टेबल ठीक आणि इंडेक्स खोटा. शेवटी तिसऱ्या दिवशी इंडेक्स वापरून शोधायचे तिन्ही प्रकार (स्कॅन) त्या सेशनपुरते बंद केले आणि तीच क्वेरी पुन्हा चालवली. क-१२०४ समोर आलं. पुन्हा चालू केले, गायब. एकच प्रश्न आणि दोन उत्तरं पाहून पोटात खड्डा पडला.

भानगड अशी आहे. अक्षरांचा क्रम, म्हणजे कोलेशन, पोस्टग्रेस बहुतेक वेळा स्वतः ठरवत नाही. तो जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत कोडसंचाला विचारतो. ऑगस्ट २०१८मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८मध्ये हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९मध्ये २.२४ होतं, १०मध्ये नेमकं २.२८ आलं. जुन्या नियमात तुलना करताना मधली आडवी रेघ जवळजवळ धरतच नसत. '११' आधी आणि '१-१' नंतर. नव्यात रेघ मोजली जाते आणि ती आकड्यांच्या आधी लागते. क्रम उलटा.

आता आमच्या दाखल नोंदवहीचा इतिहास पाहा. जुन्या ग्रंथपालांनी क१२०३ असं सलग लिहिलं, नंतरच्यांनी क-१२०४ असं रेघ देऊन. दोन्ही तसंच्या तसं डेटाबेसात आलं. (एकसारखं करून घ्यायला हवं होतं, मान्य.) जुन्या क्रमात क-१२०४ हे क१२०३च्या शेजारी बसलेलं. नवा नियम सांगतो की रेघवाले सगळे आधी. कार्ड कॅटलॉगच्या काळातलं कपाट डोळ्यांसमोर आणा: खणांतली कार्डं जुन्या क्रमाने लावलेली, आणि शोधणाऱ्याला रातोरात नवा क्रम शिकवलेला. तो आत्मविश्वासाने चुकीचा खण उघडतो आणि सांगतो, कार्ड नाही. आकड्यांच्या आणि तारखांच्या इंडेक्सना यातलं काही होत नाही, मजकुराच्याच होतं. म्हणून महिन्याच्या बेरजा जुळत होत्या.

बरं, नुसतं न सापडणं परवडलं असतं. पण पुस्तक 'नाही' म्हटल्यावर ताईंनी त्या तीन आठवड्यांत काही पुस्तकं नव्याने दाखल केली होती. दाखल क्रमांक दोनदा येऊ नये म्हणून युनिक इंडेक्स होता, पण तोही चुकीच्याच खणात बघून 'चालेल' म्हणत होता. ४३ पुस्तकं दुहेरी झाली. एक पुस्तक परत आलं, त्याची जुनी नोंद सापडेना, म्हणून नवी नोंद करून ते दुसऱ्या सभासदाला दिलं गेलं. जुन्या नोंदीत ते अजून एका निवृत्त गुरुजींकडेच होतं, आणि त्यांच्या घरी दंडाची चिठ्ठी गेली. गुरुजी चिठ्ठी आणि पुस्तक परत केल्याची तारीख लिहिलेली स्वतःची डायरी घेऊन आले. त्यांचा डेटाबेस बरोबर निघाला.

दुरुस्ती करताना सगळ्यात आधी देवघेव कागदावर आणली आणि प्रोग्रॅम बंद केला. मग अॅमचेक नावाचं एक्स्टेन्शन लावून प्रत्येक मजकुराचा इंडेक्स तपासला. ११ पैकी ४ इंडेक्सवर क्रम बिघडल्याची एरर आली. नंतर रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. साधे इंडेक्स मिनिटभरात झाले, युनिक अडला: दुहेरी नोंदी आहेत, बनवता येत नाही. त्या वेळी राग आला, पण त्याचं बरोबर होतं. दुहेरी शोधण्यासाठीची क्वेरीही इंडेक्स बंद ठेवूनच चालवा, नाहीतर तीसुद्धा फसते. नशिबाने देवघेवीच्या नोंदी दाखल क्रमांकाला नाही, आकडी आयडीला जोडलेल्या होत्या. जास्तीच्या आयडीवरचे व्यवहार मूळ आयडीवर वळवले, जास्तीची नोंद पुसली, असं ४३ वेळा. ताई नोंदवही घेऊन शेजारी बसल्या होत्या. दुपारचे चार वाजले.

रोज रात्री बॅकअप होत होताच. पण दुहेरी नोंदींसकटचा तो डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) दुसऱ्या यंत्रावर भरून पाहिला तर याच युनिक अटीवर एरर येऊन थांबला. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. आता दर महिन्याला एकदा डंप घरच्या लॅपटॉपवर भरून बघतो.

चूक कुणाची? माझी. पोस्टग्रेसच्या विकीवर या बदलाबद्दल अख्खं पान आहे, मी ते नंतर वाचलं. डंप काढून नव्या सिस्टिमवर भरला असता तर इंडेक्स नव्याने बनले असते आणि हे काहीच झालं नसतं. तरी एक गुण कापतो: पोस्टग्रेस १३मध्ये डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती कुठे नोंदलेलीच नसते, त्यामुळे खालचा क्रम बदलल्याचं त्याला कळतच नाही. पीजीअॅडमिन मोडला तो निदान बोंब मारून मोडला.

त्यानंतर दाखल क्रमांक आणि सभासद क्रमांक या दोन्ही कॉलमना 'सी' कोलेशन दिलं. ते नुसते बाइट बघतं, खाली काहीही बदललं तरी क्रम हलत नाही. लेखकांच्या यादीला आयसीयू या युनिकोडच्या कोडसंचाचं मराठी कोलेशन लावलंय. त्यात ळ हा ह नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ, शाळेतल्या तक्त्यासारखं. मजकूर शोधाच्या बाबतीत मात्र मराठीला सावत्रपणाच आहे: तमिळ आणि नेपाळीची शब्दमुळं शोधण्याची सोय आहे, पोस्टग्रेस १४पासून हिंदीचीही आली, मराठीची नाही. ट्रायग्रॅमवर, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून, भागवतो.

मार्च २०२३मध्ये डंप काढून पोस्टग्रेस १५वर आलो. तिथे नव्या डेटाबेसात पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या सामाईक जागेत) कुणीही येऊन टेबल बनवू शकत नाही, त्यामुळे माझा एक रिपोर्ट अडला. परवानगी दिली, संपलं.

जुलैच्या एका सोमवारी डेबियन १२ केलं, या वेळी इंडेक्सची यादी आधीच हातात घेऊन. यंत्र उठल्यावर डेटाबेसला जोडलं तर पहिल्याच ओळीत इशारा: हा डेटाबेस कोलेशन २.३१वर बनलाय, सिस्टिममध्ये आता २.३६ आहे, यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बांधा. बांधलं, आवृत्ती ताजी केली, अॅमचेक चालवलं. मंगळवारी सकाळी ताईंना फोन करून म्हटलं, दाखल क्रमांकाच्या चौकटीत क-१२०४ टाकून बघा. "आहे," त्या म्हणाल्या, "पण बाहेर गेलंय. गुरुजींकडे."