इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बॅटरी झिजते ती सायकल चालवून, अशी माझी पक्की समजूत होती. ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तास क्षमतेची, म्हणजे ४६८ वॉट-तासांची लिथियम-आयन बॅटरी चौदा महिने वापरल्यावर मात्र वाटते की, तिला चालवण्यापेक्षा चुकीच्या अवस्थेत पडून राहणेच अधिक बाधते.

सुरुवातीला मी रोज रात्री चार्जर लावून झोपत असे आणि सकाळी हिरवा दिवा दिसला की समाधान मानत असे. या बॅटरीत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असून प्रत्येक गट ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. अशी ४२ व्होल्टपर्यंत भरलेली बॅटरी उकाड्यात दिवसचे दिवस ठेवली, तर आतली रासायनिक झीज वेगाने होते. म्हणून जवळच्या फेऱ्यांसाठी आता मी ८० टक्क्यांच्या आसपासच प्लग काढतो. चार्जर आपणहून तिथे थांबत नसल्याने मोबाइलवर गजर लावावा लागतो, आणि ही कटकटच आहे. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण चार्ज करतो, कारण गटांमधील व्होल्टेजचा फरक बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बहुधा चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यातच मिटवते.

सर्वांत मोठी चूक सातव्या महिन्यात झाली. लांबच्या फेरीनंतर डिस्प्लेवर एकच कांडी उरली होती. बॅटरी तशीच ठेवून मी दीड महिना परगावी गेलो. परतल्यावर बटण दाबले, तर डिस्प्ले काळाच. बंद बॅटरीतूनही बीएमएस थोडी वीज घेत राहते, हे तेव्हा समजले. मल्टिमीटरवर २९ व्होल्ट दिसले. दुरुस्ती करणाऱ्याने प्रत्येक गट स्वतंत्र मोजून अगदी कमी प्रवाहावर ती भरली, म्हणून बचावली. असा प्रयोग घरी करू नये. फार खाली गेलेल्या सेलमध्ये तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना आतच शॉर्ट सर्किट होऊ शकते. आता परगावी जाण्यापूर्वी बॅटरी निम्मी भरून, सायकलवरून काढून थंड, कोरड्या जागी ठेवतो.

डिस्प्लेवरच्या कांड्यांवर मात्र माझा भरवसा उरलेला नाही. चढावर मोटर जोर घेते तेव्हा व्होल्टेज खाली येऊन दोन कांड्या गायब होतात आणि सपाटीला लागताच त्यांतील एक निमूटपणे परत येते. त्यामुळे खरा अंदाज मी सायकल थांबवून, मिनिटभराने घेतो.